माधवनगरचें शिसें

सांगलीहून तासगांवच्या रस्त्याला लागलें कीं दोन कोसांच्या आंतच माधवनगर लागतें. पुणें-मिरज लोहमार्गावर त्याचें स्वतःचें लहानसें स्थानक आहे. पलीकडे बुधगांव, म्हणजे मिरज धाकट्या पातीच्या पटवर्धनांची जुनी राजधानी. आणि अलीकडून सांगली शहर इतकें जवळ सरकत आलें आहे कीं सांगली कोठें संपली व माधवनगर कोठें सुरू झालें हें नवख्या माणसास सांगतां येऊं नये. प्रवासवर्णनें लिहिणारांनीं वाट वांकडी करून यावें असें प्राचीन देवालय किंवा नामांकित घाट येथें नाहीं. एके काळीं कापडगिरणीच्या नांवानें हें गांव ओळखलें जाई. आतां माधवनगर रस्त्यावर वसंतदादांच्या नांवाची औद्योगिक वसाहत आहे, पूर्वेस कुपवाडची वसाहत आहे, आणि या दोहोंच्या मधल्या टापूंत लेथ, ओतकामाचे कारखाने, गुदामें व मालमोटारींचे अड्डे यांची दाटी झाली आहे. जेथें कारखाने तेथें मोड, आणि जेथें मोड तेथें भंगारवाले; हा क्रम कोणत्याही गांवीं चुकत नाहीं.

आम्ही तेथें गेलों तें जुनें शिसें पाहण्यास. वाचकांस हा हेतु चमत्कारिक वाटेल. पण त्याचें कारण असें झालें कीं, आमचे एक जुने विद्यार्थी मिरजेस डॉक्टर आहेत. त्यांची क्ष-किरणांची खोली भाड्याच्या इमारतींत होती. जागा सोडण्याची वेळ आली. यंत्राची व्यवस्था नियमाप्रमाणें लागली. पण लांकडी आडभिंतीवर ठोकलेला शिशाचा पत्रा, शिशाचें अस्तर असलेलें दार आणि भेगा पडलेले तीन जुने एप्रन एवढें सामान मागें राहिलें. घरमालकास तें नको होतें. माधवनगराकडील एका भंगारवाल्यानें मात्र माल न पाहतांच भाव सांगितला. डॉक्टरांस भाव पटला, पण मन घेईना. "सर, तुम्ही बरोबर चला. विचारायचे प्रश्न तुम्हांलाच सुचतील," असें ते म्हणाले. निवृत्त मास्तराला याहून गोड आमंत्रण तें कोणतें!

मिरजेचा आणि शिशाचा हा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस रुग्णालय काढलें तें १८९४ सालीं. पुढच्याच वर्षीं, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींत राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. मिरजेस १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें, पुढें कर्करोगाचें रुग्णालय झालें, आणि आज कर्नाटकांतूनही रोगी गाड्या भरभरून मिरजेस उतरतात. तंतुवाद्यांचें गांव म्हणून मिरजेची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. पण या गांवांत दवाखाने किती, आणि त्या प्रत्येकाच्या एका तरी दारांत शिसें किती, हा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. यंत्रें दहापंधरा वर्षांत जुनीं होतात. शिसें जुनें होत नाहीं. प्रश्न तेथूनच उद्भवतो.

शिशाला संस्कृतांत 'सीस' म्हणतात, 'नाग'ही म्हणतात. रसरत्नसमुच्चयकारांनीं धातूंची वर्गवारी करतांना सोनें, रुपें, तांबें व लोह यांस शुद्ध पंक्तींत बसविलें, आणि नाग व वंग, म्हणजे शिसें व कथील, यांस 'पूतिलोह' ठरवून वेगळें पान मांडलें. पूति म्हणजे दुर्गंधी. भट्टीजवळ ज्यांनीं काम केलें त्यांच्या अनुभवांतून निघालेला हा शब्द असावा असें आम्हांस वाटतें. आपल्या घरांत मात्र शिशाचें नांव भलत्याच वस्तूला चिकटलें आहे; शिसपेन्सिलींत शिशाचा कणही नसतो, असतो तो ग्राफाइट नांवाचा कोळशाचा सोयरा. खरें शिसें आमच्या पिढीनें पाहिलें तें छापखान्यांतल्या खिळ्यांत. खिळे झिजले कीं ते पुन्हा वितळवीत व नवे पाडीत. त्या धातूंत शिशाबरोबर अँटिमनी व कथील असे.

क्ष-किरणांच्या कामीं शिसेंच कां, याचें उत्तर त्याच्या वजनांत आहे. एक घन सेंटिमीटर शिशाचें वजन ११.३४ ग्रॅम भरतें. पाण्याचें एक, लोखंडाचें पावणेआठ. असा दाट आणि जड अणूंचा पदार्थ किरणांस वाट देत नाहीं. साध्या क्ष-किरणांच्या खोलीस दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. नऊ इंची वीटकामही जवळजवळ तेवढेंच काम करतें. म्हणून पक्क्या भिंतींच्या इमारतींत बहुधा दारापुरतेंच शिसें लागतें. पण आडभिंत लांकडाची असली तर तीही मढवावी लागते. डॉक्टरांच्या एप्रनांत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतें. कर्करोगावरील कोबाल्टच्या यंत्राची गोष्ट निराळी. कोबाल्ट-६० चे गामा किरण इतके भेदक कीं सुमारें बारा मिलिमीटर शिशांतून पार झाले म्हणजे कोठें निम्मे होतात. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे. ती उलटी वाचावी. बारा मिलिमीटरांचे दहा थर, म्हणजे बारा सेंटिमीटर शिसें, एवढ्यांतून हजारांतला एक भाग बाहेर येतो. म्हणून त्या यंत्राच्या मस्तकांत मणांनीं शिसें भरलेलें असतें.

आतां एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सुशिक्षितांतही आहे. वर्षानुवर्षें किरण सोसले म्हणून शिसें स्वतः किरण फेकूं लागत नाहीं. दिव्याचा उजेड रोज पडला म्हणून भिंतीचा दिवा होत नाहीं, तसेंच हें. साध्या क्ष-किरणांच्या खोलींतून निघालेला पत्रा किरणांच्या दृष्टीनें नव्या पत्र्याइतकाच निर्धोक असतो. अपवाद आहेत, पण मोजके. फार मोठ्या शक्तीच्या प्रवेगकांच्या आंतले कांहीं भाग व अणुभट्टीच्या पोटांतलें शिसें हीं किरणोत्सर्गी होऊं शकतात. प्रयोगशाळेंतील शिशाच्या विटेवर एखादें किरणोत्सर्गी द्रावण सांडलेलें असूं शकतें. आणि कांहीं जुन्या यंत्रांच्या मस्तकांत शिशाऐवजीं वा शिशाच्या जोडीला क्षीण युरेनियम घातलेलें असतें. हा शेवटचा प्रकार फसवा. रंगानें काळसर, आणि त्याच आकाराच्या शिशाहून जवळजवळ पावणेदोन पट जड. तें मोडींत काढतां येत नाहीं. सरकारी अणुखात्याच्या परवानगीवांचून तें हलवितांही येत नाहीं.

भंगारवाल्याचें आवार रस्त्यापासून जरा आंत होतें. दारांशींच वजनकाटा, शेजारीं मोटारींच्या फुटक्या बॅटऱ्यांची रास, तांब्याच्या तारांचीं वेटोळीं, आणि एका पोत्यांत मासेमारीच्या जाळ्यांचे शिशाचे मणी. गृहस्थ पन्नाशीचे, बोलके, व्यवहारांत चोख. त्यांनीं पत्र्याचा नमुना उचलला, हातानें तोलला, कडेवर अंगठ्याचें नख ओढलें, आणि नखाची चंदेरी रेघ उमटतांच तो खालीं ठेवला.

"गुरुजी, नख लागलं की शिसं. त्याला कागद कशाला?"

ही परीक्षा खोटी नव्हे. शिसें इतकें मऊ कीं नखानें ओरखडतें, आणि वर सांगितलेलें युरेनियम नखाला दाद देत नाहीं. पण नख फक्त धातु सांगतें. त्या धातूनें इतके दिवस काय झांकलें होतें तें सांगत नाहीं. आम्ही विचारलें, दवाखान्यांतून आलेला माल तुम्हांस ओळखतां येतो काय?

"दवाखान्याचं म्हणून कोण सांगतंय? जड हाय म्हणून सांगत्यात."

हें वाक्य आम्ही तेथेंच टिपून घेतलें. पुढें विचारलें कीं, हें वितळतें कोठें? "गाडी भरली की जातं. कुठं वितळतंय ते मी बघाय जात न्हाई." यांत लबाडी नव्हती. व्यापाराची सांखळीच अशी आहे कीं प्रत्येक कडी शेजारच्या कडीपुरतीच पाहते.

मग आम्हीं त्यांस मायापुरीची हकीगत सांगितली, आणि ती येथेंही सांगणें अवश्य आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानें १९७० च्या आगेंमागें कॅनडांतून एक गामा यंत्र आणविलें होतें. आंत कोबाल्ट-६० च्या कांड्या, बाहेर शिशाचें जाड कवच. १९८५ पासून तें वापरांत नव्हतें. ज्यांस त्याची माहिती होती ते एकेक करून गेले, आणि कोपऱ्यांत उरली ती एक जड पेटी. २०१० च्या फेब्रुवारींत विद्यापीठानें ती लिलावांत भंगार म्हणून विकली. मायापुरी हा दिल्लींतला मोडीचा मोठा बाजार. तेथें कामगारांनीं शिशाच्या लोभानें कवच सोलून काढलें, व आंतल्या चकचकीत कांड्या बाहेर आल्या. कोबाल्ट-६० चें अर्धायुष्य ५.२७ वर्षांचें. नुसतें पडून राहिलेल्या पंचवीस वर्षांत तो पावणेपांच वेळां निम्मा झाला होता, म्हणजे १९८५ सालच्या मानानें सत्ताविसावा हिस्सा उरला होता. तेवढ्यानेंही सात माणसें होरपळलीं. एकानें त्यांतला तुकडा पैशांच्या पाकिटांत ठेवला होता. एप्रिलमध्यें रुग्णालयांतील डॉक्टरांनीं भाजल्याच्या खुणा ओळखल्या म्हणून प्रकार उघडकीस आला. पण एका कामगाराचे प्राण वांचले नाहींत.

आमच्या मतें या हकीगतींत सर्वांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दोष शिशाचा नव्हता, भंगारवाल्याचा तर नव्हताच. शिशानें चाळीस वर्षें आपलें काम चोख बजावलें. ज्यांच्यापाशीं विद्या होती त्यांनीं ती पेटी विद्या नसलेल्यांच्या हवालीं केली आणि सोबत चिठ्ठीही दिली नाहीं. ब्राझिलमध्यें गोयानिया येथें सप्टेंबर १९८७ मध्यें हेंच घडलें. एका खाजगी दवाखान्यानें जागा बदलली आणि कर्करोगाचें जुनें यंत्र ओसाड इमारतींत सोडून दिलें. दोघांनीं तें मोडीसाठीं उचकटलें. आंत सीझियम-१३७ ची ९३ ग्रॅम पूड होती. अंधारांत निळी चमकते म्हणून ती घरोघर वांटली गेली. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांस लागण झाल्याचें आढळलें, चौघे दगावले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. आपल्या महाराष्ट्राचें नांवही या यादींत आहे. २००८ सालीं फ्रान्समध्यें उद्वाहनांच्या, म्हणजे लिफ्टच्या, बटनांत कोबाल्ट-६० सांपडला. तपास करतां त्या पोलादाचा माग खोपोलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यापर्यंत आला. कोठल्या तरी भंगारांत एक कांडी मिसळली आणि भट्टींत विरघळली, एवढाच त्याचा अर्थ.

भंगारवाले गृहस्थ हें ऐकतांना एकदांही मध्यें बोलले नाहींत. मग म्हणाले, "वळखायचं कसं, गुरुजी?" आमच्या डॉक्टरांनीं गेरूचा खडा घेऊन पत्र्याच्या दारावर मध्यें ठिपका व त्याभोंवतीं तीन पाकळ्या असें चिन्ह काढून दिलें. त्याशेजारीं दुसरें काढलें. हें २००७ सालीं आंतरराष्ट्रीय संस्थांनीं ठरविलेलें आहे: तांबडा त्रिकोण, त्यांत वरून येणारे किरण, खालीं कवटी व पळून जाणारा माणूस. हें दुसरें चिन्ह दारावर लावीत नाहींत. कवच उघडूं पाहणाऱ्याच्याच नजरेस पडेल अशा जागीं, यंत्राच्या आंत लावतात. तें ज्यानें योजिलें त्याला वाचतां न येणाऱ्या माणसाची काळजी होती, हें उघड आहे. गृहस्थांचा दहाबारा वर्षांचा नातू बॅटऱ्यांच्या राशीवर उभा राहून तीं चित्रें पाहत होता. त्याला आम्हीं खालीं उतरविलें. त्याचें कारण दुसरें.

तें दुसरें कारण म्हणजे शिसेंच. किरण नसले म्हणून शिसें निरुपद्रवी ठरत नाहीं. ३२७ अंशांवर तें वितळतें. घरच्या चुलीवरही त्याचा रस होतो, आणि म्हणूनच वाटेल त्या परसांत त्याची भट्टी लागूं शकते. त्याची वाफ व धूळ नाकातोंडावाटें पोटांत जाते आणि शरीर तिला चुना समजून हाडांत सांठवून ठेवतें. मोठ्या माणसास पोटशूळ, बद्धकोष्ठ व रक्तक्षय होतो, हिरड्यांवर निळी रेघ उमटते, मनगट लुळें पडतें. मुलांचा मेंदू मात्र यांतलें एकही लक्षण दिसण्यापूर्वींच मंदावतो. रक्तांत अमुक प्रमाणापर्यंत शिसें चालेल अशी मर्यादाच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील सुमारें ८० कोटी व भारतांतील सुमारें साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तांत चिंताजनक शिसें असल्याचा अंदाज आहे. शाळेंत असा मुलगा आला कीं मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात आणि पुढचा धडा घेतात. त्याच्या घरामागें काय वितळतें हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं.

नियम नाहींत असें मुळींच नाहीं. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईंत आहे. क्ष-किरण यंत्र काढून टाकणें असो वा दुसऱ्यास देणें असो, मंडळास कळवून करावें लागतें. कोबाल्टसारखा जिवंत पदार्थ असला तर तो ज्यानें पुरविला त्याच्याकडे किंवा अणुखात्याच्या नेमल्या ठिकाणीं परत जातो, आणि रिकाम्या कवचावर मापकयंत्र फिरवून तें स्वच्छ असल्याचा लेखी निर्वाळा घ्यावयाचा असतो. त्यानंतर उरलेलें शिसें घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखालीं येतें, व प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना असलेल्या कारखान्यासच देतां येतें. तेथें भट्टीवर धूर ओढणारे पंखे व गाळण्या असतात, आणि कामगारांचें रक्त तपासलें जातें. अडचण येते ती या दोन दप्तरांच्या मध्यें. एक दप्तर किरण पाहतें, दुसरें विष पाहतें. आणि आवारांतला माणूस वजन पाहतो.

शिवाय वितळविण्याचीच एवढी घाई कां असावी, हेंही आम्हांस कळत नाहीं. शिसें ज्या कामाला आलें त्याच कामाला पुन्हा लावलें तर भट्टीच नको. संशोधनाच्या जगांत जुन्या शिशाला उलट मोल चढतें. नव्या शिशांत त्याच्याच जातीचा एक किरणोत्सर्गी भाऊबंद थोडासा असतो. त्याचें अर्धायुष्य सुमारें बावीस वर्षें. शेंदोनशें वर्षांत तो विरून जातो. इटलींत ग्रान सास्सो डोंगराच्या पोटांत अतिसूक्ष्म प्रयोग चालतात. तेथें २०१० सालीं सार्डिनियाच्या समुद्रांत बुडालेल्या रोमन जहाजांतून काढलेल्या शिशाच्या १२० विटा कवचासाठीं नेल्या. दोन हजार वर्षांचें भंगार!

आमच्या डॉक्टरांनीं हाच मार्ग धरला. आडभिंतीचा पत्रा मोजतां बारा चौरस मीटर भरला. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरास पावणेतेवीस किलो, म्हणजे एकूण पावणेतीनशें किलोंच्या घरांत. तासगांवाकडे एक लहान रुग्णालय क्ष-किरणांची नवी खोली बांधीत होतें. त्यांनीं पत्रा व दार दोन्ही घेतलीं. एप्रन तेवढे राहिले. शिसें रबरांत मिसळलेलें असल्यामुळें ते जाळूनही चालत नाहीं आणि पुरूनही चालत नाहीं. तिन्ही मिळून सुमारें बारा किलो भरले, ते परवाना असलेल्या कारखान्यास पावती घेऊन दिले. भंगारवाल्यांचा सौदा बुडाला, पण त्यांनीं राग धरला नाहीं. पत्रा वाहून नेण्यास गाडी त्यांचीच आली.

नव्या चौकटीस जुनें दार दोन इंच अरुंद पडलें. माधवनगरच्याच एका सुतारानें कडेला पट्टी जोडली, आणि मग आमच्या डॉक्टरांनीं त्याला ती पुन्हा काढावयास लावली. कारण शिशाला शिसें नुसतें टेकून चालत नाहीं, सांध्यावर एक पत्रा दुसऱ्यावर बोटभर चढावा लागतो, नाहीं तर किरण फटींतून वाट काढतात. सुतार कुरकुरला, पण त्यानें काम नीट केलें. पुढच्या आठवड्यांत यंत्र चालू करून दाराबाहेर मापक धरला, तेव्हां सांध्यावरून फिरवितांना कांटा जागचा हलला नाहीं.